भुकेचा हिशोब मांडणारा खटावकर

आपल्या मेकॅनिकलच्या पोरांना ‘सुखात्मे’ म्हटलं की एकच गोष्ट आठवते. हीट ट्रान्सफरचं जाडजूड पुस्तक आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागवलेली रीडिंग रूम! पण मी आज ज्या सुखात्म्यांबद्दल लिहिणार आहे ते वेगळे. त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जगात उपाशी माणसं किती, हा आकडा अंदाजपंचे न सांगता गणिताने कसा काढायचा, हे ज्यांनी जगाला दाखवलं त्यांतलं हे पहिल्या रांगेतलं नाव. आणि हा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, खटाव तालुक्यातल्या बुध गावचा!

आता हा विषय मी का निवडला? सध्या आपल्याकडे थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टची यादी बघितली तर दर तिसरा ग्रुप मशीन लर्निंगवाला, आणि त्यातले निम्मे आरोग्यावर. कुणी डायबेटिस ओळखतोय, कुणी हार्ट अटॅक, कुणी एक्स-रेवरून न्यूमोनिया. माझाही ग्रुप त्यातलाच. आमच्या गाइड सरांनी डेटा गोळा करण्याआधी सॅम्पलिंग वाचून या असं बजावलं आणि त्या वाचनात मला सुखात्मे सापडले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ला मराठीत ‘प्रमाण विचलन’ म्हणतात हे हा लेख लिहायला घेतल्यावर समजलं. मी दोन्ही शब्द वापरणार आहे, मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे आपल्या हॉस्टेलवर सातारकर आणि सांगलीकरांत कंदी पेढा मोठा की भडंग मोठं यावरून जी रोजची जुंपते, त्यात निदान सुखात्म्यांवर तरी दोघांनी हक्क सांगायला हरकत नाही. खटाव तालुका म्हणजे पावसाने कायम हुलकावणी दिलेला मुलूख. इथे उगम पावणारी येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, पण उन्हाळ्यात तिचं पात्र बघवत नाही. भूक आणि पीकपाणी या दोन गोष्टी ज्याने आयुष्यभर मोजल्या, तो माणूस अशा मातीतला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ साली पदवीधर झाले आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तो काळ म्हणजे स्टॅटिस्टिक्सचा सुवर्णकाळच. कार्ल पिअर्सन नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले होते. एक रोनाल्ड फिशर यांच्याकडे, दुसरा पिअर्सन यांचे चिरंजीव एगॉन यांच्याकडे. एगॉन यांच्या बाजूला पुढे पोलंडहून आलेले येर्झी नेमन मिळाले. एकाच इमारतीत हे दोन गट, आणि दोघांचं आपसांत अजिबात पटायचं नाही! आपण आज ज्या पी-व्हॅल्यू आणि हायपोथेसिस टेस्टिंगची पाठांतरं करतो, ती याच भांडणातून जन्माला आली. सुखात्म्यांनी मात्र दोन्हीकडून घेतलं. १९३६ साली पीएच.डी. आणि १९३९ साली डी.एससी. मिळवली.

त्यांचं त्या वेळचं काम सोप्या उदाहरणाने सांगते. समजा, सांगली जिल्ह्यातल्या किती बायकांना ॲनिमिया आहे हे काढायचंय. सगळ्यांचं रक्त तपासणं शक्य नाही. मग नमुना घ्यायचा. पण पावसाळी शिराळा वेगळा, उसाचा वाळवा वेगळा आणि कोरडा जत वेगळा. म्हणून आधी जिल्ह्याचे थर पाडायचे आणि प्रत्येक थरातून बायका निवडायच्या. कुठून किती? नेमन यांनी १९३४ साली दाखवलं की थराचा आकार तर बघाच, पण ज्या थरात माणसामाणसांत जास्त फरक आहे तिथून जास्त नमुना घ्या. ऐकायला छान, पण तो फरक किती आहे हे सर्व्हे करण्याआधी कळणार कसं? सुखात्म्यांनी १९३५ च्या शोधनिबंधात याच अडचणीला हात घातला. आधी एक छोटा नमुना घ्यायचा, त्यावरून प्रत्येक थरातलं प्रमाण विचलन अंदाजायचं आणि मग मोठा नमुना वाटायचा. एवढं करून खरंच फायदा होतो का, हेही त्यांनी तपासलं. तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस! दुसऱ्या बाजूला, ज्या दोन गटांत चढउतार सारखे नाहीत अशा गटांच्या सरासरीची तुलना करण्यासाठी फिशर यांनी मांडलेल्या चाचणीचे तक्ते त्यांनी तयार केले. ते १९३८ साली कोलकात्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात छापून आले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, हे लक्षात ठेवा. हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड करायची. आपलं लॅपटॉपवर कोड रन व्हायला दोन मिनिटं लागली तरी आपण वैतागतो.

भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थमध्ये काम केलं आणि १९४० साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले. तिथे त्यांच्यापुढे आला तो आपल्या गावागावांत ठाऊक असलेला प्रकार, आणेवारी! शेतात उभं राहायचं, नजर फिरवायची आणि यंदा पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलं ते सांगायचं. या नजरअंदाजावर सारा माफ व्हायचा की नाही ते ठरायचं आणि त्याच आकड्यांवर देशात धान्य किती आहे याचा हिशोब लागायचा. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली आणि धान्याचे आकडे भरवशाचे नसले तर काय होऊ शकतं हे सगळ्या देशाने बघितलं.

सुखात्म्यांनी नजरेच्या जागी कोयता आणि टेप आणला असं म्हणायला हरकत नाही. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेतं तशीच निवडायची, शेतातही जागा तशीच ठरवायची, तिथे ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा म्हणजे एक एकराचा ऐंशीवा भाग इतका तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. आजही पीक विम्याच्या संदर्भात घरात हे शब्द ऐकले असतील.

इथे त्यांची गाठ पडली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. भारतीय संख्याशास्त्राचे ते पितामहच. महालनोबिस म्हणत होते की तुकडे लहान घ्या आणि जास्त ठिकाणी घ्या, काम खास शिकवलेल्या लोकांकडून करून घ्या. सुखात्मे म्हणत होते की तुकडा मोठा हवा आणि काम महसूल व शेती खात्याच्या माणसांकडूनच करून घेता येईल. १९४६ साली सुखात्म्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की लहान तुकड्यांमुळे उत्पन्न फुगून दिसतं. कारण अगदी साधं आहे. कडेवरचं रोप आत की बाहेर असा प्रश्न आला की कापणारा ते आत धरतो. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळात एका चौरस फुटामागे अर्धा फूट कड येते, ३३ बाय साडेसोळाच्या तुकड्यात ती ०.१८ फूट येते. गणित करून बघा. तुकडा जितका लहान तितकी कड जास्त, आणि कड जास्त तितकी चूक जास्त.

हे वाचल्यावर मला वाटलं, इथेच तर आपल्या सगळ्या मशीन लर्निंगची मेख आहे! असे लहान तुकडे शंभर घ्या की एक लाख, चूक कमी होत नाही, कारण ती सगळीकडे एकाच बाजूला झुकलेली आहे. डेटा वाढवला की सगळं ठीक होतं हा आपला लाडका समज आहे. नुसता इकडेतिकडे होणारा फरक डेटा वाढवल्यावर कमी होतो, झुकाव तसाच राहतो.

आता आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा डायबेटिसचा डेटासेट घ्या. त्यात ७६८ ओळी आहेत. त्या सगळ्या अमेरिकेतल्या ॲरिझोना भागातल्या पिमा या आदिवासी समाजाच्या, वय वर्षं एकवीस आणि पुढच्या बायकांच्या. एकही पुरुष नाही, एकही भारतीय नाही. ३७४ ओळींत इन्शुलिन शून्य आणि ३५ ओळींत रक्तदाब शून्य लिहिलेला आहे. रक्तदाब शून्य असलेली बाई तपासणीला चालत कशी आली? म्हणजे ते मोजलेलंच नाही, रिकाम्या जागी शून्य भरलंय. मॉडेलला ते कळत नाही, ते शून्यालाच खरं मानून शिकतं. मग पीपीटीवर ॲक्युरसी झळकते आणि आपण म्हणतो की हे ग्रामीण भागात वापरता येईल. जतमधल्या माणसाला? बरं, आपलाच डेटा गोळा करू म्हणून मिरजेच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात गेलो तरी तिथे येणारा पेशंट निम्मा कर्नाटकातूनही आलेला असू शकतो, आणि एसटीच्या भाड्यापायी घरीच राहिलेला माणूस त्या फायलीत नसतोच. तो कडेच्या बाहेर राहिलेलं रोप आहे.

असो. पुन्हा सुखात्म्यांकडे. १९४७ साली इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स स्थापन झाली, डॉ. राजेंद्र प्रसाद तिचे अध्यक्ष होते आणि उभारणीत सुखात्मे पुढे होते. १९५१ च्या सुमारास ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जवळजवळ वीस वर्षं तिथल्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली. १९५४ साली त्यांचं सॅम्पलिंगवरचं पुस्तक निघालं. पुढच्या आवृत्तीत त्यांचे धाकटे बंधू बाळकृष्ण हे सहलेखक होते. तेही मोठे संख्याशास्त्रज्ञ.

रोममध्ये प्रश्न होता जगाच्या भुकेचा. त्याच्या आधी जगातली दोन तृतीयांश माणसं अर्धपोटी आहेत असं मोठमोठी माणसं सांगत होती. तो आकडा आला कुठून, याचा पाया कच्चा होता. सुखात्म्यांचा युक्तिवाद समजायला आपली मेस पुरे. समजा मेसमध्ये सरासरी पोरगा सहा चपात्या खातो. कुणी तीनवर उठतो, कुणी दहा हाणतो. आता सहापेक्षा कमी खाणारे सगळे उपाशी असं ठरवलं तर काय होईल? मेसमधले सगळे पोटभर जेवले तरी निम्मी पोरं उपाशी निघतील! कारण प्रत्येकाची गरज वेगळी. म्हणजे सरासरी ही रेघ होऊ शकत नाही. गरजेतला फरक धरून रेघ खाली घ्यावी लागते. त्यांनी खाण्याचा फरक आणि गरजेचा फरक दोन्ही हिशोबात घेतले. १९६१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की जगातले १० ते १५ टक्के लोक खरोखर उपाशी आहेत, आणि पोट भरूनही सकस अन्न न मिळणारे त्यात धरले तर संख्या निम्म्यापर्यंत जाते. या कामासाठी त्यांना सोसायटीचं गाय रौप्यपदक मिळालं. भारत सरकारने १९७१ साली पद्मभूषण दिलं.

त्यानंतर ते पुण्यात स्थायिक झाले आणि निवृत्तीच्या वयात आयुष्यातला सगळ्यात मोठा वाद त्यांनी अंगावर घेतला. १९७१ सालीच पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास आला होता. रोज माणशी २२५० कॅलरी ही त्यांची रेघ. सुखात्मे म्हणाले की माणसामाणसांत फरक असतो हे एक, पण एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. शरीर आज कमी मिळालं तर खर्च जुळवून घेतं, आणि आजचा जमाखर्च कालच्यावर अवलंबून असतो. कॅलिफोर्नियातल्या शेल्डन मार्गन यांच्यासोबत त्यांनी हे गणितात बसवलं. ज्यांनी टाइम सिरीज शिकलंय त्यांनी ओळखलं असेल, हे ऑटोरिग्रेसिव्ह मॉडेल! म्हणून एका दिवसाच्या मोजणीवरून कुणाला कुपोषित ठरवू नका आणि रेघ सरासरीपासून दोन प्रमाण विचलनं खाली धरा, असं त्यांचं म्हणणं. उदाहरणादाखल सरासरी २४०० आणि विचलन ३६० धरलं तर रेघ येते १६८० वर. रेघ एवढी सरकली की कोट्यवधी माणसं एका रात्रीत ‘उपाशी’च्या रकान्यातून बाहेर पडतात.

साहजिकच गदारोळ झाला. दांडेकर यांनी विरोध केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी प्रमुख सी. गोपालन यांनी तर कडाडून टीका केली. शरीर जुळवून घेतं ते फुकट नाही, उंची खुंटते, कामाची ताकद जाते, असा त्यांचा मुद्दा. सुखात्म्यांच्याच विचाराचा धागा पकडून डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने लहान चणीची माणसं निरोगीच असतात असा सिद्धांत मांडला, तेव्हा भांडण आणखी पेटलं.

हा वाद वाचताना मला माझी आजी दिसत होती. ती खटाव तालुक्यातलीच. १९७२ च्या दुष्काळात नवी नवरी म्हणून आली आणि थेट खडी फोडायला गेली. कामावर मिळणारी सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी यांच्यावर ते वर्ष काढलं. आज तिचं वजन अडतीस किलो आहे आणि अजून ती पहाटे उठून झाडलोट करते. माझ्या मॉडेलमध्ये आजीला कुठलं लेबल द्यायचं? सुखात्म्यांच्या रेघेने ती कदाचित ठीक ठरेल. पण तिच्यापेक्षा तिची मुलगी चांगली वीतभर उंच आहे. मग आजीची वीत कुठे गेली? मला स्वतःला गोपालन यांचं म्हणणं इथे जास्त पटतं. पण सुखात्म्यांनी प्रश्न विचारला नसता तर रेघ कुठे ओढायची हा मुळात प्रश्न आहे, हेच मला कळलं नसतं. मशीन लर्निंगच्या भाषेत सांगायचं तर रेघ वर घेतली की धडधाकट माणूस आजारी ठरतो, खाली घेतली की आजारी माणूस सुटून जातो. दोन्ही चुका एकदम शून्य होत नाहीत. कुठली चूक कुणाच्या वाट्याला द्यायची हे कॉम्प्युटर ठरवत नाही, आपण ठरवतो. ०.५ हा थ्रेशोल्ड लायब्ररीत आधीच लिहिलेला असतो म्हणून तो बरोबर असतो असं नाही.

सुखात्म्यांना गरिबी लपवायची होती असा अर्थ मात्र कुणी काढू नये. पोटात जंत आणि सतत हगवण असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाणी आणि स्वच्छता हीच पोषणाची निम्मी लढाई आहे असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. प्रथिनांच्या टंचाईची जगभर हाकाटी चालली होती तेव्हाही त्यांनी आकडे मांडून दाखवलं की आपल्या ज्वारी-डाळीच्या जेवणात पोटभर मिळालं तर प्रथिनं बहुतेक पुरतात, कमी पडतं ते जेवणच. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, त्यांनी हे काम केलं. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज जगातली उपासमार मोजायला अन्न व कृषी संघटना जो निर्देशांक वापरते, त्याची मुळं त्यांच्याच पद्धतीत आहेत. केंद्र सरकार त्यांच्या नावाने संख्याशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार देतं, आणि तो दिला जातो सांख्यिकी दिनी, २९ जूनला. तो दिवस कुणाचा वाढदिवस? महालनोबिस यांचा! दोघे भांडले, पण एका व्यासपीठावर आलेच.

तर मित्रांनो, या वर्षी ज्यांचा प्रोजेक्ट आरोग्यावर आहे त्यांना एकच विनंती. मॉडेल ट्रेन करण्याआधी एक संध्याकाळ डेटासेटची एकेक ओळ वाचा. कोण मोजलं गेलंय, कोण राहिलंय, शून्य कुठे खोटं आहे आणि रेघ कुणी ओढलीय, एवढे चार प्रश्न वहीत लिहा आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्यांची उत्तरं द्या. ॲक्युरसी दुसऱ्या पानावर आली तरी चालेल. आणि सॅम्पलिंगवर वाचायचं असेल तर लायब्ररीत गणिताच्या कपाटात १९५४ चं ते पुस्तक मागून बघा. मिळालं तर माझ्या आधी नंबर लावू नका!